पाच मंगळवार नुसतं बसायचं

वडगावच्या विणकर गल्लीत घरटी दोन विजेवरचे माग आहेत, आणि माग चालू असताना तिथं कुणी कुणाशी बोलत नाही, ओरडतं. नवी सून गल्लीत आली की आठवडाभर तिला वाटतं, सासरचे सगळे आपल्यावर चिडलेत. महिन्यानं ती माहेरी जाते तेव्हा माहेरच्यांना वाटतं, ही आपल्यावर चिडलीय. सुवर्णाच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि तिच्या नवऱ्याचा, म्हणजे शिवराजचा, खरा आवाज कसा आहे हे तिला वर्षातनं फक्त पाच दिवस कळायचं.

ते पाच दिवस म्हणजे जत्रेआधीचे पाच मंगळवार. देवीचे वार. त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत माग बंद, कांडीवर सूत भरणं बंद, दळण बंद, सुई-दोरासुद्धा हातात धरायचा नाही. देवी त्या दिवशी गल्लीतनं फिरते आणि तिला खडखडाट खपत नाही, असं जुनी माणसं सांगतात. नवी माणसं काही सांगत नाहीत, पण माग बंद ठेवतात.

सुवर्णा त्या दिवशी बसायची.

बसायची म्हणजे बसायचीच. सकाळी अंघोळ करून दाराच्या पायरीवर टेकली की दिवेलागणीला उठायची. शेंगा फोडायच्या नाहीत, तांदूळ निवडायचे नाहीत. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवायचे, जणू वाळत घातलेत. वर्षाचे बाकीचे दिवस ती दोन मागांच्या मध्ये उभी असायची. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, मागाशेजारच्या वाटीतल्या खळीत बोट बुडवून गाठीवर फिरवायचं, की पुन्हा खडखडाट. खळ म्हणजे मैद्याची पेज. दोन दिवसांची झाली की तिला असा आंबूस वास सुटतो की गल्लीतलं तान्हं पोरसुद्धा आधी खळीचा वास ओळखतं, मग आईचा.

पहिल्या वर्षी शेजारच्या मनुबाईनं विचारलं होतं, "नवस हाय काय गं?"

"न्हाय."

"अंगात येतंय?"

"न्हाय."

"मग का बसलीयास?"

"उभं ऱ्हायाचं न्हाय म्हणून."

मनुबाईनं हे उत्तर गल्लीभर फिरवलं, पण कुणालाच ते पुरेसं धार्मिक वाटलं नाही. शेवटी सगळ्यांनी मिळून 'मौनव्रत' असं ठरवून टाकलं. सुवर्णाला त्याचं काही नव्हतं. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे, फक्त ऊठ म्हणू नये.

यंदा मात्र मारुतीराव शेठनं ऊठ म्हणायचं ठरवलं. गल्लीला सूत देणारा तोच आणि तयार साड्या उचलणाराही तोच. गौरी-गणपतीसाठी त्याला पुण्याकडची मोठी मागणी आली होती. मंगळवारही कामाचे धरले तर दिवस पुरत होते, सोडले तर नाही. दोन वर्षांमागं त्यानं एकदा भीत भीत विषय काढला होता, तेव्हा देवळातल्या पुजारीण अंबुबाई केरसुणी घेऊन त्याला शेजारच्या शहापूरच्या हद्दीपर्यंत पोचवून आल्या होत्या. म्हणून यंदा तो स्वतः काहीच बोलला नाही. त्यानं बोलणारा माणूस आणला.

त्याचं नाव आदर्श. वय सव्वीस, गाव निपाणी. घरात तीन पिढ्या तंबाखूचा धंदा. तंबाखू विकायला बोलावं लागत नाही, गिऱ्हाईकच हात जोडून येतं. त्यामुळं घरात कुणी धड बोलायला शिकलं नव्हतं. आदर्श कोल्हापुरात जाऊन दोन महिने शिकला. माणूस वस्तू घेत नाही, आपली इच्छा घेतो. इच्छा ओळखा, माणूस आपल्या पायानं येतो, असं तिथं शिकवत. परीक्षा म्हणून त्यानं कोगनोळीजवळच्या धाब्यावर एका माणसाला त्याचीच चप्पल विकली होती. माणूस खूश होऊन गेला. म्हणाला, अगदी पायाच्या मापाची हाय.

आदर्शकडं एक निळी वही होती. तीत माणसाच्या नऊ इच्छा एकाखाली एक लिहिलेल्या, आणि पुढं गल्लीतल्या घरांची नावं. पहिल्या मंगळवाराला दहा दिवस असताना तो घरोघर फिरायला लागला.

पोरगं हुशार होतं, हे सुवर्णालाही कबूल करावं लागलं. तो साड्यांचं, मागणीचं, मंगळवारचं काही बोलतच नव्हता. चहा प्यायचा आणि ऐकायचा. मनुबाईची नणंद शहापुरात राहते आणि स्वतःला फार समजते, एवढं कळल्यावर त्यानं शेठच्या दुकानाच्या कॅलेंडरवर मनुबाईचा फोटो छापायचं कबूल केलं. "पयली प्रत नणंदेच्या घरी मी स्वतः टांगून येतो," म्हणाला. मनुबाईनं मंगळवार देऊन टाकला. टोकाच्या घरच्या मष्णूला आयुष्यभर वाटत आलं होतं, की गल्लीत शिरल्यावर पहिलं नाव आपलं दिसावं. त्याला पाटी मिळणार होती. मष्णूनं मंगळवार तर दिलाच, वर एखादा रविवार पाहिजे का म्हणून विचारलं.

सुवर्णाला यात नवल वाटलं नाही. सोळा वर्षं साड्या विणून तिला एवढं ठाऊक होतं, की बाई साडी साडीसाठी घेत नाही, जावेचं तोंड कसं होतंय ते बघायला घेते. नवल वाटलं ते संध्याकाळी.

"मी हो म्हटलंय," शिवराज दोन मागांवरून ओरडला.

"कशाला?"

"मंगळवारला!"

सुवर्णानं दोन्ही माग बंद केले. घरात एकदम इतकी शांतता झाली, की शिवराज पुढचं वाक्यही ओरडूनच बोलला आणि बाहेरून जाणारी सायकल थांबली.

"त्यानं माझं मत इचारलं!"

"काय मत?"

"ते न्हाय आठवत. पण इचारलं. 'शिवराजअण्णा, तुमचं काय मत?' असं. मान वाकडी करून. सोळा वर्षांत तू इचारलीस काय कधी?"

सुवर्णानं आठवून पाहिलं. नव्हतं विचारलं. मागांच्या आवाजात विचारलंच असतं, तरी त्यानं ते 'मीठ कुठंय' असं ऐकलं असतं. पण चूक ती चूक. "बरं," ती म्हणाली, "तुमचा मंगळवार तुम्ही दिलासा. माझा माझ्यापाशी हाय."

दुसऱ्या दिवशी आदर्श आला. पायरीवर उभं राहून त्यानं वही उघडली.

"आक्का, एकच इचारतो. तुम्हाला काय पायजे?"

"बसाया."

आदर्शनं वहीत बघितलं. नऊ इच्छांत बसणं नव्हतं. "बसून काय करणार?"

"बसणार."

"तसं न्हाय आक्का. बसण्यामागं काहीतरी असतंय. मान पायजे असतोय, न्हाईतर कुणीतरी इचारपूस करावी असं वाटतंय..."

"बसण्यामागं भिंत असती. टेकाया."

"मग त्यानंतर?"

"त्यानंतर उठायचं. उठवणारे लई हाईत, त्याची काळजी तू नको करू."

आदर्श गेला. हरला नाही, गेला. दोन दिवसांनी तो टेम्पोतनं एक खुर्ची घेऊन आला. काळी, गादीची, पाच चाकांची, खालचा दांडा ओढला की वर-खाली होणारी. बँकेच्या साहेबाच्या केबिनमध्ये असते तसली.

"बसायचंय न्हवं? बसा! बसल्या बसल्या ह्या मागावरनं त्या मागाकडं जायचं. बाराही महिने बसा. मंगळवारची वाट बघायची गरजच न्हाय!"

सुवर्णानं खुर्चीभोवती एक फेरी मारली. "तू बसून दाखव."

आदर्श बसला. पाय वर घेतले, हात डोक्यामागं बांधले. "आता लावा माग."

सुवर्णानं माग लावले. तिच्या घरची फरशी मागांमुळं थरथरते, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. तिथं तांब्यासुद्धा सकाळी ठेवला तर संध्याकाळी दुसऱ्या खोलीत सापडतो. खुर्ची आधी अर्धी वीत सरकली. मग एक वीत. आदर्श बोलतच होता, त्यामुळं त्याला उंबरा येईपर्यंत कळलं नाही. पायरी एकच होती. ती उतरल्यावर पुढं उतार होता, आणि उताराच्या तळाशी देऊळ.

गल्लीतल्या लोकांनी खुर्चीवर बसून देवदर्शनाला जाणारा माणूस प्रथमच पाहिला. मनुबाईनं हात जोडले.

घासलेल्या कोपरावर फुंकर मारत तो परत आला तेव्हा सुवर्णा माग बंद करून पायरीवर उभी होती.

"ऐक आदर्शा. तू गल्लीत समद्यांना इचारत फिरलास, काय पायजे, काय पायजे. लई ग्वाड वाटलं लोकांना, कुणी इचारत न्हाय म्हणून. पण इच्छा आमची इचारतोस आणि पुरवतोस कुणाची? शेठची. मला बसायचंय म्हणलं तर मागाला खुर्ची लावलीस. ते बसणं न्हवं रं, ते बसून उभं ऱ्हाणं झालं. यंदा एक मंगळवार गेला की पाची गेले, आणि पाची गेले की पुढच्या वर्षी कुणाला आठवणारबी न्हाय, असे वार असतेत म्हणून. मी न्हाय देणार. जा, लिही वहीत."

आदर्शनं खरंच लिहिलं. मग म्हणाला, "आक्का, गल्लीतली समदी घरं हो म्हणाली. राहिलासा दोघी. एक तुम्ही, एक देवी. देवी हो म्हणाली तर?"

"तिला इचारतोस?"

"रीतसर. कौल लावून."

कौल म्हणजे देवीच्या दगडी कपाळावर पाण्यात भिजवलेलं फूल चिकटवायचं. उजवीकडं पडलं तर होय, डावीकडं पडलं तर नाही. आणि रीत अशी, की कौल लागला की फूल पडेपर्यंत पुजारीण सोडून कुणी उठायचं नाही, आणि तिनंही देऊळ सोडायचं नाही. अगदीच निकड असली तर आपली चप्पल जागेवर बसवून जाता येतं, म्हणून कौलाला येताना तेवढी चप्पल पिशवीत घालून जवळ ठेवायची मुभा आहे. जो असाच उठेल त्यानं कौल मोडला, आणि मग विचारलेल्या गोष्टीला त्या वर्षी नाही. सहसा दोन-तीन मिनिटांत निकाल लागतो. गल्लीच्या आठवणीतला सगळ्यात लांबलेला कौल बारा मिनिटांचा होता, तो एका लग्नाचा, आणि ते लग्न अजूनही नीट चाललेलं नाही.

कौल लावायचा तर वाराच्याच दिवशी, म्हणून पहिल्या मंगळवारची सकाळ ठरली. फूल उजवीकडं पडलं की तिथूनच जाऊन सगळ्यांनी माग सुरू करायचे.

सोमवारी मनुबाई सुवर्णाकडं आली आणि सवयीनं कानात ओरडली. "तुला ठावं हाय काय? त्या पोरानं चार दिवस देवळात बसून देवीचा अभ्यास केलाय! मूर्ती उजवीकडं कललीया म्हणं. पूजेच्या पंधरातली चौदा फुलं उजवीकडंच पडत्यात!"

"मग तू मला का सांगालीस? तू तर मंगळवार देऊन बसलीस."

मनुबाईनं मागं वळून दार लोटलं. "कॅलेंडर पायजे गं," ती हळू आवाजात म्हणाली. मनुबाईचा हळू आवाज गल्लीत कुणी ऐकला नव्हता. "पर मंगळवारबी पायजे."

यंदा देवीला फुलं द्यायचा मान सुवर्णाच्या घरी होता. मंगळवारी सकाळी तिनं परसातली तगरीची फुलं काढली, ताटात ठेवली आणि बाहेर पडताना मागाजवळून गेली. सोळा वर्षांची सवय. मागाजवळून जाताना बोट आपोआप वाटीत बुडालं. खळ चांगली तीन दिवसांची, घट्ट होती. वाराला खळीला हात लावायचा नसतो, हे बोट बुडाल्यावर तिच्या लक्षात आलं. ते पुसायला तिनं पदर शोधला, तर फूल सापडलं.

देवळात सगळी गल्ली जमली होती. पुढं मारुतीराव शेठ, पांढरी पँट सांभाळत सतरंजीवर. त्याच्या शेजारी आदर्श. अंबुबाईनं ताटातलं सगळ्यात वरचं फूल उचललं. उचलल्यावर त्या थबकल्या. फुलाकडं बघितलं, सुवर्णाकडं बघितलं. मग ते पाण्यात न बुडवताच देवीच्या कपाळावर दाबलं आणि अंगठ्यानं आणखी जरा दाबलं.

"आई," त्या म्हणाल्या, "मंगळवारी माग लावू म्हणतेत. तुझं काय ते सांग."

फूल बसलं ते बसलं.

पाच मिनिटं झाली. बारा झाली, लग्नाचा विक्रम मोडला. अर्ध्या तासानं शेठनं घड्याळ बघितलं आणि गुडघा बदलला. आदर्श फुलाकडं एकटक बघत होता, जणू तेही एखादं गिऱ्हाईक आहे आणि आता बोलेल.

पहिला तास गल्लीला जड गेला. बसायचं कसं हेच लोकांना आठवेना. मनुबाईची बोटं मांडीवर कांडी भरल्यासारखी फिरत होती. मष्णू पायानं मागाचा ताल धरत होता. मग एकेकाचे हात थांबले. कुणीतरी खांबाला टेकलं. कुणीतरी टोपी काढून ठेवली. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती आणि ती ऐकू येत होती. सांबऱ्याच्या विमानतळाकडं उतरणारं विमान गेलं, तेही ऐकू आलं. मष्णू म्हणाला, "हे रोज जातंय?" रोज जात होतं.

दुपारी अंबुबाईनं गूळ-खोबरं वाटलं. सुवर्णा सवयीप्रमाणं हात उताणे ठेवून बसली होती. शिवराज सरकत सरकत तिच्याजवळ आला.

"एक मत हाय माझं," तो हळूच म्हणाला.

"काय?"

त्यानं बराच वेळ विचार केला. "बरं वाटायलंय."

आवाज तसा मऊ होता त्याचा. दर वर्षी ती विसरायची.

शेठचा फोन चार वेळा वाजला. पाचव्यांदा वाजला तेव्हा त्यानं तो बंद केला, कारण बोलायला बाहेर जायचं तर चप्पल जागेवर ठेवायला लागणार, आणि महागाच्या चपला एकट्या सोडायला त्याचा जीव होईना. दोन वाजता त्याची मान डावीकडं पडली. "पडलं!" म्हणून कुणीतरी ओरडलं. पण ती मान होती. शेठ घोरायला लागला. चांगला भरदार, एकसुरी. दिवसभरात गल्लीत चाललेलं यंत्र तेवढं एकच.

चारच्या सुमाराला आदर्शला राहवलं नाही. बसल्या बसल्या पुढं सरकत तो देवीच्या पायांपाशी गेला आणि मान उंच करून त्यानं वास घेतला. मग वळला.

"खळ!" तो ओरडला. "फुलाला खळ लावलीया!"

शेठ दचकून जागा झाला. गल्ली मात्र हलली नाही.

"व्हय," मष्णू म्हणाला.

"व्हय म्हणजे? तुम्हाला ठावं होतं?"

"सकाळीच वास आला की रं. आमचा जलम गेला त्या वासात."

"मग बोलला का न्हाईसा कुणी?"

मष्णूनं शेजाऱ्याकडं बघितलं, शेजाऱ्यानं मनुबाईकडं. "बसलो होतो," मनुबाई म्हणाली.

शेठ लाल झाला. "काढा ते फूल! आत्ताच्या आत्ता काढा!"

"काढ की," अंबुबाई म्हणाल्या. "ऊठ आणि काढ."

शेठ अर्धा उठला आणि तसाच थांबला. उठला तर कौल मोडणार. मोडला तर पाचही मंगळवार गेले, ते त्याच्याच नावावर. तो गुडघ्यावर तसाच तरंगत राहिला. मग हळूहळू खाली बसला. आदर्शनं वही उघडली आणि पेन काढलं, पण मनुबाईनं ते हातातनं काढून घेतलं. "वार हाय. लिव्हायचं न्हाय."

"एकच शब्द, मावशी. दहावी इच्छा."

"उद्या लिव्ह. इच्छा कुठं पळून जात न्हाय."

आदर्शनं वही मिटली. थोड्या वेळानं त्यानं मोजे काढले. आणखी थोड्या वेळानं तोही खांबाला टेकला.

अंधारायला लागल्यावर अंबुबाईनं दिवा लावला आणि नेहमीप्रमाणं देवीच्या तोंडापाशी ठेवला. ऊब लागली तशी खळ वाळली. वाळलेली खळ सुटते, हे कुठलाही विणकर सांगेल. फूल हललं, कललं, आणि उजवीकडं पडलं.

"होय!" शेठ ताडकन उठला. "होय म्हणाली! उजवीकडं! समद्यांनी बघितलं!"

"बघितलं," सुवर्णा म्हणाली. ती अजून बसलेलीच होती. "देवी होय म्हणाली. पण दिवा लागल्यावर. दिवा लागला की वार संपला शेठ. आता लावा की माग, कोण न्हाय म्हणतंय?"

"आणि पुढचा मंगळवार?"

"पुढच्या मंगळवारी पुढचा कौल. प्रत्येक वार आपला आपला असतोय."

"फुलं मी आणणार! माझ्या घरची!"

"जत्रा हुईपर्यंत फुलांचा मान आमच्या घरचा हाय. पाची मंगळवार." तिनं हात मांडीवरून उचलले आणि उठली, एकेक गुडघा सरळ करत, घाई न करता. "तुम्ही या मात्र. सतरंजी टाकून ठेवतो."

शेठ गल्लीकडं वळला. "तुम्ही तर हो म्हणला होतासा! पाटी! कॅलेंडर! शिवराज, तू सांग, तुझं काय मत?"

शिवराजनं मान वर केली. दुसऱ्यांदा कुणीतरी विचारलं होतं. तो सगळ्यांकडं बघून घसा खाकरून म्हणाला, "माझं मत, पुढच्या मंगळवारी जरा लवकर जमायचं."

लोक उठायला लागले. सुवर्णा रिकामं ताट घ्यायला देवीपाशी गेली, तेव्हा अंबुबाई कपाळावरची वाळकी खपली नखानं काढत होत्या.

"सुवर्णा."

"काय ओ?"

"पुढच्या टायमाला खळीबरोबर भाकरीबी आण गं," अंबुबाई म्हणाल्या. "माझं दुपारचं जेवण चुकलं."